गूगल खातं बंद करायचंय? बटणाला हात लावण्याआधीची आणि नंतरची कामं

गूगलचं खातं कायमचं हटवायला दोन-तीन मिनिटं पुरतात. पासवर्ड टाकायचा, दोन चौकोनांत खुणा करायच्या, बटण दाबायचं. घोटाळे समोर येतात ते नंतर. प्राप्तिकराच्या पोर्टलचा पासवर्ड आठवत नसतो आणि नव्या पासवर्डची लिंक त्याच बंद मेलवर जाते. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच खात्याच्या ड्राइव्हवर होता, हे नवा फोन हातात आल्यावर कळतं. विकलेला फोन रीसेट केल्यावर घेणाऱ्याला असं खातं विचारतो, जे आता अस्तित्वातच नाही. या तिन्हींचं कारण एकच: कामांचा क्रम चुकलेला असतो. खात्याच्या आधारावर जे जे उभं आहे ते आधी दुसरीकडे हलवायचं, मग फोन-टीव्ही-लॅपटॉप सोडवायचे आणि खातं सगळ्यात शेवटी हटवायचं.

त्याआधी चार क्रियांमधला फरक नीट कळायला हवा, कारण बोलताना आपण चारही गोष्टींना ‘अकाउंट काढलं’ असंच म्हणतो. ॲप अनइन्स्टॉल केलं की फक्त फोनमधलं ॲप जातं. खातं, त्यातला डेटा आणि महिन्याला कटणारे पैसे तसेच चालू राहतात. साइन आउट केलं की त्या ब्राउझरपुरता किंवा ॲपपुरता प्रवेश बंद होतो. फोनच्या सेटिंग्जमधून खातं ‘रिमूव्ह’ केलं की त्या फोनचा आणि खात्याचा संबंध तुटतो. त्या खात्याचे मेल आणि संपर्क फोनवरून दिसेनासे होतात, पण गूगलकडे सुरक्षित असतात. चौथी क्रिया म्हणजे खातं ‘डिलीट’ करणं. मूळच नाहीसं करणारी तेवढी एकच.

खरंच सगळं खातं हटवायचं आहे का?

बऱ्याच जणांना खरं तर जीमेलचा पत्ता नको असतो. म्हणजे वीस वर्षांपूर्वी घेतलेला, कॉलेजातल्या टोपणनावाचा. त्यासाठी अख्खं खातं मोडायची गरज नाही. ‘डिलीट अ गूगल सर्व्हिस’ या पर्यायातून फक्त जीमेल काढता येतं; फोटो, ड्राइव्ह, यूट्यूब, प्ले स्टोअरची खरेदी तशीच राहते. तिथे जीमेलचा नसलेला दुसरा मेल पत्ता द्यावा लागतो. त्या पत्त्यावर पडताळणीची लिंक येते आणि ती उघडून होकार दिल्याशिवाय जीमेल हटत नाही.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. खातं पूर्ण हटवायचं पक्कं असलं तरी ते रिकामं करून वर्षभर उघडं ठेवा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ चालू करून येणारा प्रत्येक मेल नव्या पत्त्यावर वळवा. वर्षभर कशासाठी? कारण विम्याचं नूतनीकरण, विवरणपत्राची पोचपावती, वेबसाइटच्या डोमेनचं बिल, सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना ही पत्रं वर्षातून एकदाच येतात. कितीही काळजीपूर्वक यादी केली तरी दोन-चार नावं सुटतातच, आणि सुटलेली नावं त्या एका मेलनेच उघडकीला येतात. उलट, खातं नुसतं सोडून देणं हा मात्र पर्याय नव्हे. दोन वर्षं काहीही वापर नसलेली वैयक्तिक खाती हटवण्याचं धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केलं आहे. तुम्ही विसरलात तरी खातं एक दिवस जाईल, आणि तेव्हा त्यातून काय वाचवायचं हे तुमच्या हातात राहणार नाही.

यादी करायची कशी

आठवणीवर भिस्त ठेवू नका. यादी मेलबॉक्समध्येच आहे. जीमेलच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’, ‘स्टेटमेंट’, ‘पॉलिसी’, ‘रिन्यूअल’, ‘फोलिओ’, ‘इनव्हॉइस’ असे शब्द एकेक करून टाका. बहुतेक सेवा यात सापडतात. दुसरी यादी खात्याच्या सुरक्षा विभागात असते: ‘थर्ड-पार्टी ॲप्स अँड सर्व्हिसेस’. जिथे जिथे तुम्ही ‘साइन इन विथ गूगल’ दाबून आत गेलात, ती सगळी नावं तिथे दिसतात. तिसरी यादी क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये.

‘साइन इन विथ गूगल’वाल्या सेवा वेगळ्या हाताळाव्या लागतात, कारण त्यांचा पासवर्ड तुमच्याकडे नसतोच. अशा साइटवर बाहेर पडून ‘फरगॉट पासवर्ड’ दाबा, जुन्या मेलवर आलेल्या लिंकवरून स्वतंत्र पासवर्ड तयार करा, मग आत जाऊन मेल पत्ता बदला. पत्ता बदलताना पुष्कळ साइट जुन्या मेलवरही खात्री करून घेतात. जुनं खातं जिवंत असेपर्यंतच हे जमतं. काही साइट मेल बदलूच देत नाहीत. तिथून कामाची बिलं-कागद उतरवून घ्या आणि नवं खातं काढा.

पैशांशी संबंधित ठिकाणं सर्वांत आधी. बँकेत मेल पत्ता नेटबँकिंगमधून किंवा शाखेत बदलता येतो. डीमॅटसाठी ब्रोकरकडे, म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे अर्ज करावा लागतो; नुसत्या ॲपमधला लॉगिनचा मेल बदलून सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडची नोंद बदललीच असं धरून चालू नका, नंतर येणारं स्टेटमेंट कुठे येतं ते पाहा. म्युच्युअल फंडांसाठी एमएफ सेंट्रल हे पोर्टल किंवा कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपन्या. मग प्राप्तिकर पोर्टल, ईपीएफओ, डिजिलॉकर, आयआरसीटीसी, विमा, वीजबिल. प्राप्तिकर खात्याची नोटीस मेलवर येते आणि उत्तराला मुदत असते, म्हणून ते पोर्टल ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवू नका.

दुसऱ्या मेल खात्यांसाठी हाच पत्ता ‘रिकव्हरी ईमेल’ म्हणून दिलेला असतो, हे हमखास सुटतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर खातं उघडून देताना आपलाच मेल दिलेला असतो. आईच्या खात्याचा पासवर्ड पुढे कधीतरी अडला तर कोड तुमच्या बंद पत्त्यावर जाणार. तिच्या फोनवर जाऊन तो रिकव्हरी पत्ता बदलून या.

हटवलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, तुम्हालासुद्धा नाही. म्हणजे तो दुसऱ्याच्या हाती पडून तुमचे मेल वाचले जातील ही भीती इथे नाही. ही हमी सगळीकडे नसते: याहूने 2013 मध्ये बारा महिने न वापरलेले आयडी इतरांना खुले केले होते. मोबाइल नंबरचं तर हे नेहमीचंच आहे. भारतात कायमचा बंद झालेला नंबर किमान 90 दिवस थांबून नव्या ग्राहकाला देता येतो, आणि त्यानंतर तुमच्या नावाचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजू शकतात. खात्याबरोबर सिमही बदलणार असाल तर नंबर शेवटचा सोडा.

डेटा बाहेर काढताना

यासाठी गूगलचीच सोय आहे, नाव टेकआउट. खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ विभागातून तिथे जाता येतं. जीमेल, फोटो, ड्राइव्ह, संपर्क, कॅलेंडर असं हवं ते निवडायचं आणि फाइलचा आकार ठरवायचा. 50 जीबीपर्यंतचे पर्याय असतात. घरच्या इंटरनेटवर 50 जीबीची एकच फाइल मागवू नका. 90 टक्क्यांवर लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. 4 किंवा 10 जीबीचे तुकडे बरे. फाइल तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात, मग मेलवर लिंक येते आणि ती साधारण आठवडाभर चालते. ‘ड्राइव्हमध्ये ठेवा’ असाही पर्याय समोर येतो. तो त्याच खात्याच्या ड्राइव्हसाठी निवडलात तर खात्याबरोबर प्रतही जाईल.

उतरलेली प्रत्येक झिप फाइल उघडून बघा. मेल एमबॉक्स स्वरूपात येतात. ते थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतात, फोनवर टिचकी मारून नाही. फोटोंची तारीख, ठिकाण, शीर्षक ही माहिती बऱ्याचदा शेजारच्या जेसन फाइलमध्ये वेगळी असते. त्या ‘कचरा’ म्हणून पुसल्या तर तुम्ही गूगल फोटोजमध्ये हाताने दुरुस्त केलेल्या तारखा गेल्याच समजा.

फोटोंबाबत आणखी एक फसगत होते. गूगल फोटोज ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलेलं असेल, तर ॲपमध्ये दिसणारे फोटो फोनमध्ये नसतातच, फक्त क्लाउडवर असतात. ‘फोनमध्ये तर आहेत’ या भरवशावर खातं हटवू नका. फोन विमानमोडवर टाकून वाय-फाय बंद करा आणि पाच वर्षांपूर्वीचा एखादा व्हिडिओ चालवून बघा. चालला नाही तर तो फोनमध्ये नाही.

संपर्कांचंही तसंच. अँड्रॉइडवर नवा नंबर बहुधा गूगल खात्यातच साठवला जातो. कॉन्टॅक्ट्स ॲपमधून ‘एक्स्पोर्ट’ करून व्हीसीएफ फाइल काढा आणि नव्या खात्यात ‘इम्पोर्ट’ करा. दोन्हीकडचा आकडा जुळतो का बघा.

व्हॉट्सॲपसाठी टेकआउटचा उपयोग नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’ इथे जाऊन गूगल खातं बदला आणि लगेच ताजा बॅकअप घ्या. जुना बॅकअप आपोआप नव्या खात्यात जात नाही. क्रोममधले पासवर्ड सीएसव्ही फाइल म्हणून निघतात, आणि ती फाइल कुणीही उघडून वाचू शकतो. नव्या पासवर्ड मॅनेजरमध्ये भरली की ताबडतोब पुसा, रीसायकल बिनमधूनही. ‘पासकी’, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने आत जाण्याच्या किल्ल्या, या फाइलमध्ये येत नाहीत. त्या प्रत्येक साइटवर नव्याने तयार कराव्या लागतात. लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं गूगल ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातले कोड क्यूआरने दुसऱ्या फोनवर हलवा, आणि एखाद्या साइटवर कोड चालतो याची खात्री करून मगच पुढे जा.

ड्राइव्हमधल्या ज्या फाइलींचे मालक तुम्ही आहात, त्या तुमच्याबरोबर सगळ्यांसाठीच जातात. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब तुमच्या शीटमध्ये असेल आणि वीस जण तो वापरत असतील, तर मालकी दुसऱ्याच्या नावावर करा. समोरच्याने ती स्वीकारल्याशिवाय बदल होत नाही, तेव्हा त्याला फोन करून सांगा.

विकत घेतलेली ॲप, पुस्तकं, चित्रपट दुसऱ्या खात्यावर नेता येत नाहीत. प्ले स्टोअरमधली शिल्लक संपवा आणि चालू सबस्क्रिप्शन एकेक करून रद्द करा. यूपीआय ऑटोपे वेगळं असतं. ते तुमच्या बँक खात्यावर दिलेलं आदेशपत्र आहे, त्यामुळे मेल खातं गेलं म्हणून ते आपोआप थांबेल असं समजू नका. ज्या यूपीआय ॲपमधून मंजूर केलं त्याच्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन रद्द करा, मग त्या ॲपमधून बँक खातं काढा.

फोन आणि बाकीची उपकरणं

इथे सर्वांत जास्त नुकसान एका चांगल्या गोष्टीमुळेच होतं. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’ (एफआरपी) नावाचं कुलूप आहे. चोराने बटणं दाबून रिकव्हरी मेनूमधून फोन कोरा केला, तरी सुरू होताना फोन आधीचं गूगल खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. चोरासाठी केलेली ही व्यवस्था. पण तुम्ही खातं आधी हटवलंत, फोन कपाटात तसाच राहिला आणि दोन वर्षांनी भाच्याला देताना रीसेट केलात, तर पिन आठवत नसल्यास तुम्हीही बाहेरच. मग बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या चकरा. ‘एफआरपी उघडून देतो’ म्हणणाऱ्या दुकानांत डेटा आणि फोन दोन्हींचा भरवसा नसतो.

म्हणून फोनचा क्रम असा. खातं जिवंत असताना फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’ उघडा (सॅमसंगमध्ये ‘अकाउंट्स अँड बॅकअप’, मग ‘मॅनेज अकाउंट्स’), खात्यावर टिचकी मारून ‘रिमूव्ह अकाउंट’ करा. फोनवर दोन-तीन गूगल खाती असतील तर सगळी काढा, कारण त्यातलं कुठलंही एक कुलूप लावू शकतं. सॅमसंग, शाओमी अशा कंपन्यांचं स्वतःचं खातं असतं आणि त्याचंही वेगळं कुलूप असतं. तेही साइन आउट करा. मग स्क्रीन लॉक काढा. मेमरी कार्ड आणि सिम बाहेर काढा. ई-सिम असेल तर ते पुसायचं की ठेवायचं हा प्रश्न रीसेटच्या वेळी विचारला जातो, तो वाचून उत्तर द्या. रीसेट नेहमी सेटिंग्जच्या आतून करा, बटणांच्या रिकव्हरी मेनूमधून नाही. गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटआधी 24 तास थांबा. नाहीतर फोन पुन्हा सुरू करताना खात्यात शिरण्यात अडचण येऊ शकते.

रीसेट झाल्यावर फोन चालू करून पहिले दोन-तीन पडदे बघा. जुनं खातं किंवा जुना पिन मागितला तर कुलूप अजून आहे. नाही मागितला, तर फोन द्यायला हरकत नाही.

फोन आधीच विकून झाला असेल तर खात्याच्या सुरक्षा विभागात ‘युवर डिव्हाइसेस’ उघडून त्या फोनमधून साइन आउट करा. तुमचा डेटा सुरक्षित होईल, पण घेणाऱ्याने रीसेट केल्यावर कुलूप आडवं येऊ शकतं. त्याला पासवर्ड सांगू नका. भेटून स्वतःच्या हाताने टाका आणि खातं रीतसर काढून द्या.

टीव्ही हमखास विसरला जातो. भाड्याचं घर सोडताना तिथेच राहिलेल्या अँड्रॉइड टीव्हीवर तुमच्या यूट्यूबचा इतिहास पुढचा भाडेकरू बघतो. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स अँड साइन-इन’मधून खातं काढा. ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या क्रोममधलं प्रोफाइल, मुलांचा टॅब, स्मार्ट स्पीकर, घड्याळ हेही तपासा. ‘युवर डिव्हाइसेस’ यादीत एकच फोन दोनदा दिसला तर घाबरू नका. एकाच उपकरणाची वेगवेगळी सत्रं तशी दिसतात. ठिकाण आणि तारीख बघून ओळख पटवा.

बटण

सगळं मोकळं झाल्यावर संगणकावरून खात्यात जा. ‘डेटा अँड प्रायव्हसी’ विभागात अगदी खाली ‘डिलीट युवर गूगल अकाउंट’ असतं. पासवर्ड पुन्हा विचारला जातो आणि काय काय जाणार त्याची लांबलचक यादी येते. वाचायचा कंटाळा येतो, पण सुटलेलं काही सापडण्याची ती शेवटची जागा आहे. खाली दोन चौकोन: प्रलंबित व्यवहारांचे पैसे तुमच्याकडेच लागू राहतील याची कबुली आणि हटवण्याची संमती.

मन बदललं तर लगेच ‘अकाउंट रिकव्हरी’ करून बघा. काही दिवसांत बहुधा जमतं, पण नक्की किती दिवस याची हमी गूगल देत नाही. गूगलच्या सांगण्याप्रमाणे चालू यंत्रणांतून डेटा पूर्ण पुसायला साधारण दोन महिने आणि बॅकअपमधून जायला सहा महिन्यांपर्यंत लागतात.

इतर खाती, थोडक्यात

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर हटवण्याची विनंती केल्यावर 30 दिवस मिळतात. त्या काळात चुकून लॉगिन करून विनंती मागे घेतली की सगळं पूर्ववत होतं, म्हणून फोनमधली ॲप आधी काढून टाका. आयफोनवर आधी आयक्लाउडमधून साइन आउट करा, म्हणजे ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय आणि त्याबरोबरचं ॲक्टिव्हेशन लॉक हे कुलूप सुटतं. मग फोन पुसा, आणि ॲपल खातं हटवायचंच असेल तर ते त्यानंतर. व्हॉट्सॲप खातं हटवलं की सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडता, पण तुम्ही पाठवलेले संदेश इतरांच्या फोनवर राहतात. नुसता नंबर बदलायचा असेल तर हटवू नका, ‘चेंज नंबर’ वापरा. कंपनीचं किंवा कॉलेजचं जीमेल खातं तुमचं नसतंच. ते ॲडमिन बंद करतो, तेव्हा राजीनाम्याच्या आधी त्यातले खासगी फोटो-कागद काढा आणि कुठल्याही बँकेला तो पत्ता दिलेला नाही ना ते पाहा.

छोट्या ॲपांमध्ये हटवण्याचं बटण शोधूनही सापडत नाही. प्ले स्टोअरच्या नियमानुसार ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्याने ते ॲपमधून आणि वेबवरूनही हटवण्याची सोय द्यायला हवी. ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ विभाग उघडा. ती लिंक तिथे असते. कर्ज देणारी, गुंतवणुकीची आणि वॉलेटची ॲप मात्र केवायसीचे कागद लगेच पुसत नाहीत. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार ते व्यवहारसंबंध संपल्यावर पाच वर्षं ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. बाकीच्या माहितीसाठी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्ये पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने लेखी मागणी करा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.

खातं हटवण्याच्या लिंकच्या शोधात गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ मात्र शोधू नका. खातं बंद करून देतो म्हणत स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावणारे भामटे अशाच शोधांवर टपलेले असतात. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.